साबण कुरतडणारा उंदीर

१२ जानेवारी, रविवार

ही वही साबणाची आहे. हस्तकलेच्या बाईंनी वर्गात पहिल्याच दिवशी बजावलं की प्रत्येक घाण्याची तारीख, वजनं, तापमान, हवा, सगळं लिहून ठेवा, म्हणजे बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं. मी साबणाखेरीज इतरही लिहिणार आहे, कारण या घरात बिघडणारा साबण एकटाच नाही.

दादाच्या मते हे माझं पाचवं खूळ. मेणबत्त्या झाल्या, क्रोशाचे रुमाल झाले, कागदी फुलं झाली, काचेवरची चित्रं झाली. कपाटाच्या खालच्या खणात एका बाहीचा स्वेटर पडलाय, तो त्याच्याचसाठी विणायला घेतला होता, तेव्हा त्याला बोलायचा हक्क आहे. पण साबणाचं निराळं आहे. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतायचं, ढवळत राहायचं, आणि दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी तयार होतं. मी सव्वीस वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. दातांच्या ठशाचं मिश्रण कालवण्यात हयात गेली, पण ते शेवटी दुसऱ्याच्या तोंडात जातं. साबण माझा राहतो.

अडचण बाबांची आहे. बाबा एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात कढईवर होते, मुख्य कारागीर. शेवटी मालकांनी साबणात खडूची पूड घालायला सांगितली, ती बाबांनी घातली नाही. मग त्यांना फाटकावर गाड्या मोजायला बसवलं, निवृत्त होईपर्यंत आणखी सात वर्षं. तेव्हापासून घरात साबण हा विषय बंद. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाकीचे विषयही बंद झाले. खोलीत खुर्चीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहतात. दिवसाकाठी आठ-दहा शब्द बोलतात, त्यातले निम्मे 'नको'.

म्हणून दादा त्यांना कायमचं न्यायला येतोय, १६ मार्चला. तिकडे लिफ्ट आहे, खालच्या मजल्यावर डॉक्टर आहेत, वहिनी दिवसभर घरी असते. मी अर्धा दिवस दवाखान्यात आणि बाबा इथे एकटे. दादाचं काही चूक नाही. बाबांना विचारलं तर 'बघू' म्हणाले. ते गेले तर मला घर खायला उठेल, पण एवढ्याने 'नेऊ नकोस' म्हणता येत नाही.

१९ जानेवारी, रविवार

घाणा पहिला. खोबरेल, एरंडेल आणि थोडं तिळाचं तेल. हवा कोरडी.

बाबा दुपारी पडल्यावर मागच्या बाल्कनीत सुरुवात केली. हातमोजे, चष्मा, नाकाला रुमाल, अगदी दवाखान्यातल्यासारखी. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात नाही, उलटं केलं तर उसळतो. हे मी भिंतीवर लिहून लावलंय.

एक गंमत झाली. सोड्यासाठी ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं काल रात्रीच ओट्यावर काढून ठेवलं होतं. सकाळी बघते तर ते गायब आणि त्या जागी स्टीलचं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी उचललं असणार, त्यांना वस्तू हलवायची भारी हौस. मग वहीत बघितलं, तर बाईंनी सांगितलेलं लिहिलंय, 'ॲल्युमिनियम वापरू नये, सोडा ते खातो.' मावशींच्या हौसेने वाचवलं म्हणायचं.

पाऊण तास ढवळलं. हात भरून आले, पण मिश्रण कढीसारखं दाटलं तेव्हा मी एकटीच बाल्कनीत हसत उभी होते. बुटांच्या खोक्यात कागद घालून ओतलं, वरून जुनी शाल पांघरली. संध्याकाळी बघितलं तर शालीवर घोंगडीही होती. मी दोन पांघरुणं घातली होती की एक? वय झालं माझं.

२१ जानेवारी, मंगळवार

वड्या कापल्या. वाकड्यातिकड्या, पण वड्या. दाराच्या आतल्या बोळातल्या चपलांच्या रॅकवर मांडल्या, चपला खाली आल्या. आता पाच आठवडे वाळत, पिकत राहायचं. दर मंगळवारी वजन करायचं.

बाई म्हणतात, साबण पिकला की नाही हे जिभेच्या टोकावर टेकवून कळतं, कच्चा असला तर चटका बसतो. मी सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलेय, भलतंसलतं तोंडात घालू नका. मी चाटणार नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

घरात उंदीर आहे.

एका वडीचा कोपरा कुरतडलेला. सकाळी दवाखान्यात जाताना सगळ्या धड होत्या, दुपारी परत आले तर हे. दिवसाढवळ्या येणारा उंदीर मी आजवर पाहिला नव्हता. मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, त्यांना उंदीर दिसला असता तर मला आधी त्यांची किंकाळी ऐकू आली असती. पिंजरा आणलाय, त्यात पाव लावलाय.

बाबांना सांगितलं, घरात उंदीर झालाय. ते म्हणाले, 'असू दे.'

२ फेब्रुवारी, रविवार

आज लाजिरवाणं वागले, पण वही खोटं लिहायला घेतलेली नाही.

दुसऱ्या घाण्यानंतर रॅकवर जागा उरली नाही. बाबांची खोली हवेशीर आहे. ते गेले की तिथे भिंतभर फळ्या मारता येतील, असा विचार मनात आला. नुसता आला असता तर ठीक, पण मी बाबा आंघोळीला गेल्यावर मापाची टेप घेऊन आत गेले. खिडकीजवळची भिंत मोजत होते आणि बाबा मागे उभे. पडद्याचं माप घेतेय असं सांगितलं.

बाबा थोडा वेळ टेपकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'तिथे वारा थेट येतो.' आणि केस पुसत खुर्चीवर बसले.

पडद्याला वाऱ्याचं काय? असो. माणूस अजून घरात आहे आणि मी त्याच्या खोलीची वाटणी करतेय. दिवसभर स्वतःचा राग आला.

त्यांनी खुर्ची मात्र फिरवून घेतलीय. भिंतीऐवजी खिडकीकडे तोंड करून बसतात, म्हणजे माझ्या बाल्कनीकडे. तिथे बघण्यासारखं काय आहे कोण जाणे. वाळत घातलेले कपडे आणि मी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उंदीर चोखंदळ आहे. पिंजऱ्यातल्या पावाला तोंड लावत नाही. एका वेळी एकच वडी धरतो, तिचाही एकच कोपरा, आणि दर आठवड्याला नवी वडी. दुसरा घाणा गुलाबाच्या वासाचा होता, मला वाटलं त्याचा फडशा पाडेल. त्याला हातही लावला नाही. त्यातली एक वडी तर केराच्या टोपलीत पडलेली मिळाली. टोपली रॅकखालीच असते, घरंगळली असेल.

तिसऱ्या घाण्याच्या वड्या कुणीतरी सगळ्यात खालच्या फळीवर वेगळ्या ठेवल्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. मावशींची हौस. पण वजनांची नोंद परत तपासली तेव्हा कळलं. काट्यावर भांडं ठेवून शून्य करायचं मी विसरले होते. म्हणजे तेल भांड्याच्या वजनाएवढं कमी पडलं आणि त्या मानाने सोडा जास्त झाला. तो साबण अंगाला लावला असता तर कातडं सोललं असतं.

बाबांच्या खालच्या ओठाला फोड आलाय. विचारलं तर म्हणाले, चहा गरम होता. हल्ली दुपारी मी येते तेव्हाही कवळी लावून बसलेले असतात. पूर्वी जेवणापुरती लावायचे आणि लगेच वाटीत काढून ठेवायचे. बरंच आहे, चेहरा भरलेला दिसतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाईंनी वर्गाचं प्रदर्शन ठरवलंय, २० एप्रिलला वाचनालयाच्या दालनात. माझ्या नावावर चाळीस वड्या लिहिल्या. चाळीस. मी 'हो' म्हणून घरी आले आणि मग वही उघडून मोजलं. आजवर बाराच्या वर केल्या नाहीत.

दादाचा फोन आला. बाबांची बॅग भरायला घे म्हणाला. मी प्रदर्शनाचं सांगितलं, तो म्हणाला, स्वेटरची दुसरी बाही लाव त्यात. हसले मी, पण फोन ठेवल्यावर रडू आलं. स्वेटरमुळे नाही. बॅग या शब्दामुळे.

४ मार्च, मंगळवार

काय लिहू आणि कसं लिहू. सरळच लिहिते.

उंदराचा काही उपाय सापडेना. मागे दवाखान्याच्या अडगळीतही उंदीर झाले होते, म्हणून आज कुरतडलेली वडी रुमालात बांधून डॉक्टरांना दाखवायला नेली. म्हटलं, बघा तरी केवढा दांडगा आहे. डॉक्टरांनी गंमत म्हणून दिवा जवळ ओढला, भिंगाचा चष्मा चढवला. मग गंमत संपली, ते वडी फिरवून फिरवून बघायला लागले.

'हा उंदीर माझा पेशंट आहे,' ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी चिमट्याच्या टोकाने खूण दाखवली. वरची कवळी. डावीकडचा दुसरा दात आत वळलेला. सरळ दातांची कवळी तयार होत होती, तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हट्ट धरला होता की माझे दात सरळ नव्हते, मग खोटे सरळ दात लावून कुणाला फसवू? तेव्हा मुद्दाम दात वळवून घ्यावा लागला होता. 'तुम्हीच कालवलं होतं ना त्या ठशाचं मिश्रण?' डॉक्टर म्हणाले.

मीच कालवलं होतं. ती कवळी मीच डबीत घालून घरी नेली होती. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावतेय आणि सख्ख्या बापाचे दात ओळखू आले नाहीत, पिंजरा लावून बसले. मी पेशंटच्या खुर्चीवर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांना धार लागली. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बाहेर थांबायला सांगितलं.

घरी येताना सगळं एकेक करून आठवलं. स्टीलचं पातेलं. घोंगडी. केराच्या टोपलीतली गुलाबाची वडी. वाऱ्याचं बोलणं तर आत्ता कळलं, थेट वाऱ्यात वड्या तडकतात, बाबा पडद्याबद्दल बोलतच नव्हते. म्हणजे मी फळ्यांसाठी माप घेतेय हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि तरी साबणाच्या भल्याचं सांगितलं. आणि तो ओठावरचा फोड.

घरी आले तर बाबा कवळी लावून खुर्चीत. मी काही बोलले नाही. बोलले तर ते पुन्हा भिंतीकडे तोंड करतील अशी भीती वाटली. पिंजरा मात्र मावशींना देऊन टाकला आणि रॅकशेजारी एक स्टूल नेऊन ठेवलं.

५ मार्च, बुधवार

स्टूल चार बोटं सरकलंय, उजेडाकडे.

९ मार्च, रविवार

घाणा सहावा. प्रदर्शनाचा. चाळीस वड्या. हे पान मी जपून ठेवणार आहे.

मोठं स्टीलचं पातेलं मैत्रिणीकडून आणलं होतं. आज बाबा पडायची वाट बघितली नाही, सकाळी सरळ त्यांच्या खिडकीसमोर मांडलं. भांडं ठेवून काट्याचं शून्य तीनदा तपासलं. सगळं नेमकं चाललं होतं, कढी व्हायच्या बेतात होती. आणि मग मी शहाणपणा केला. दवाखान्यातलं लवंगेचं तेल घातलं. दाढदुखीवर आम्ही वापरतो ते. मला तो वास आवडतो, माझ्या सगळ्या नोकरीचा वास आहे तो. म्हटलं, प्रदर्शनात कुणाकडे असा साबण नसेल.

मिश्रण जागच्या जागी थिजलं. पाच-सहा वेळा काठी फिरवली असेल नसेल, तोवर भिजवलेल्या सिमेंटसारखा गोळा झाला आणि काठी त्यात उभी राहिली. मी जोर लावला तर पातेलंच गोल फिरायला लागलं. चाळीस वड्यांचं तेल.

'लवंग घातलीस?'

बाबा बाल्कनीच्या दारात उभे होते. पायात चपला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्या बाह्या मी लहान असताना कारखान्यातून येत तशाच दुमडलेल्या होत्या.

मी मान हलवली. म्हणाले, 'ढवळू नकोस. गॅस लाव, बारीक. खाली पाण्याचं पातेलं ठेव.'

त्यांनी सांगितलं तसं मी केलं, पातेलं आत ओट्यावर नेलं. त्यांनी हातमोजे मागितले, माझे त्यांना होईनात, मग आईच्या भांडी घासायच्या मोठ्या मोज्यांत हात घातले. काठी मागितली. गोळा वाफेवर ठेवून कडेकडेने सोडवत राहिले, घाई नाही, जोर नाही. मधूनच पळीभर गरम पाणी. मला वाटत होतं, आता थकतील, आता बसतील. स्टूल आणलं तर म्हणाले, 'बसून कढई होत नाही.'

तासाभराने गोळा सुटला. आधी भातासारखा, मग खिरीसारखा, आणि मग एकदम आरपार चमकायला लागला, व्हॅसलीनसारखा. बाबांनी काठी वर उचलली. साबण काठीवरून तुटला नाही, चादरीसारखा सपाट घसरत खाली आला.

'ठमे, हे बघ. हे दिसलं की कढई उतरवायची,' ते म्हणाले. 'आधी नाही आणि नंतरही नाही.'

ठमी म्हणून मला आईनंतर कुणी हाक मारली नव्हती. मी बघत होते साबणाकडेच, पण दिसत काही नव्हतं.

साच्यात भरताना मग बाबा बोलत सुटले. लवंग आणि दालचिनी नेहमी शेवटी, नाहीतर साबण रुसतो. कढईला कान लावला तर ती किती शिजली ते ऐकू येतं. मुख्य कारागिराच्या हाताखाली पहिली दोन वर्षं त्यांना नुसतं बघायला लावलं होतं, काठीला हात नाही. आणि खडूची पूड. तेही सांगितलं, अगदी शांतपणे. कढईपासून उठवलं त्या दिवशी काठी तिथेच ठेवून आलो, म्हणाले, आणायला हवी होती.

मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही माझ्या वड्या चाखत होतात.'

'उंदीर असेल,' ते म्हणाले आणि हातमोजे काढायला लागले.

संध्याकाळी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, गोळा झालेला शिजवून वाचवला हे छानच, आणि शिजवलेला साबण आठवड्याभरात वापरायला घेता येतो, पाच आठवडे थांबायला नको. उलट तुमचा वेळ वाचला. बाबा शेजारीच बसले होते, फोन मोठ्या आवाजावर होता.

१५ मार्च, शनिवार

बॅग भरली. चार सदरे, दोन स्वेटर, औषधांचा डबा. प्रत्येक वस्तू ठेवताना वाटायचं, ही राहिली तर बरं. आठवडाभर बाबा रोज रॅकपाशी बसतायत, वड्या उलटतायत, पण जाण्याबद्दल चकार शब्द नाही. मी विचारलं नाही. जायला नाही म्हणाले आणि ते फक्त माझ्या साबणापुरतं असलं तर? मी त्यांची खोली मोजली होती, मी कुठल्या तोंडाने राहा म्हणू?

१६ मार्च, रविवार

दादा अकरा वाजता आला. बॅग दाराशी, बाबा बोळात स्टुलावर, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर दहा-बारा वड्या. दादा खाली वाकून नमस्कार करून म्हणाला, 'चला बाबा, चहा घेऊ आणि निघू. ऊन वाढायच्या आत.'

बाबांनी एक वडी उचलली, उजेडात धरली, अंगठा फिरवला. मग म्हणाले, 'मला नाही जमायचं.'

दादाने माझ्याकडे बघितलं.

'चाळीस वड्यांची जोखीम आहे,' बाबा म्हणाले. 'पाच आठवडे साबण पिकतो. रोज उलटावा लागतो, वारा सांभाळावा लागतो. हिला त्यातलं काही येत नाही. काट्याचं शून्य करायला विसरते.'

दादा म्हणाला, 'अहो, ही बघेल की. तिला आता...'

'तिला नाही येत,' बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण बाह्या दुमडल्या. 'कढई सोडून मी एकदा उठलोय. पुन्हा उठणार नाही.'

दादाने भिंतीकडे बघितलं, रॅककडे बघितलं, बाबांच्या भरलेल्या गालाकडे बघितलं. दोन वर्षांत त्याने बाबांच्या तोंडून इतकी वाक्यं ऐकली नसतील. मग त्याने बॅग उचलली आणि आत खोलीत नेऊन ठेवली. चहा पिताना एवढंच म्हणाला की ठीक आहे, पाच आठवड्यांनी बघू. जाताना त्याला पहिल्या घाण्याची वडी दिली, एका कोपऱ्याला दातांची खूण असलेली. तो म्हणाला, हे काय, उंदीर? मी म्हटलं, हो, पाळलाय.

बाईंनी आठवड्याभराचं सांगितलं होतं हे मला आठवत होतं. बाबांनीही ऐकलं होतं. मला वाटतं, ते विसरले असतील. किंवा बाईंचा अंदाज चुकला असेल, एकतीस वर्षं कढईवर काढलेल्या माणसापुढे बाईंचं काय.

१९ मार्च, बुधवार

दुपारी दवाखान्यातून आले तर बाबा स्टुलावर, पुढे लवंगेची वडी. माझ्यादेखत कोपरा दाताने तोडला, जिभेवर घोळवला, बेसिनमध्ये थुंकला. पहिल्यांदा माझ्यादेखत. मग वडी माझ्यापुढे धरली.

'चाख.'

मी चाखली. सव्वीस वर्षांचा नेम मोडला. टोकाला टेकवली, मग अख्खी जीभ लावली. चटका नाही, काही नाही. नुसता साबण आणि मागून लवंग.

'झालाय,' मी म्हटलं.

'झालाय,' बाबा म्हणाले. 'परवाच झाला.'

मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही दादाला पाच आठवडे म्हणालात.'

ज्या माणसाने साबणात चिमूटभर खडू घातला नाही आणि कवळीतही दात वाकडा बसवून घेतला, तो माणूस माझ्याकडे बघून हसला. वरचा डावीकडचा दुसरा दात दिसला.

'त्याला साबणातलं काय कळतं?' ते म्हणाले. मग मापाची टेप मागितली आणि खोलीत गेले. खिडकीची भिंत नको म्हणाले, पलंगामागची घे, तिथे वारा वळून येतो. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. तीन फळ्या बसतात, पलंग हलवावा लागत नाही.

घाणा सातवा, रविवारी. ढवळणार बाबा. पिकायला पाच आठवडे.